हाताने भरलेली काडतुसे आणि विमानप्रवास: सीमाभागातील नव्या परवानाधारकांसाठी

खानापूर तालुक्यातील जंगलाला लागून असलेल्या गावांत, निपाणी-चिकोडीकडच्या मळ्यांत आणि बेळगावातल्या काही जुन्या वाड्यांत आजोबांच्या नावची बंदूक वारसाने नातवाच्या नावावर चढलेली घरे अजूनही सापडतात. दुसरीकडे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यानंतर, आणि विशेषतः २०२४ साली राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवल्यानंतर, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले नेमबाजीकडे वळत आहेत. या दोन्ही प्रकारच्या लोकांना कधी ना कधी एकच प्रश्न पडतो: काडतुसे विमानातून नेता येतात का, आणि घरी किंवा ओळखीच्या माणसाकडून हाताने भरून घेतलेली असतील तर काय करावे?

उत्तर आधीच सांगून टाकतो. कारखान्यात तयार झालेली, परवान्यावर रीतसर खरेदी केलेली काडतुसे मर्यादित प्रमाणात आणि विमान कंपनीच्या संमतीने, फक्त मालकक्षात जाणाऱ्या सामानातून नेता येतात. हाताने भरलेली काडतुसे आपल्या देशात विमानातून नेता येत नाहीत. इतकेच नव्हे, तर ती विमानतळापर्यंत नेणे हाच मुळात गुन्हा ठरू शकतो. हे असे का, हे समजून घेतले तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप सोप्या होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: आपल्याकडचे काडतूस कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखणे

इंटरनेटवर या विषयाची जी माहिती सापडते ती बहुतेक अमेरिकी शिकाऱ्यांसाठी लिहिलेली असते. तिथे रिकामी पुंगळी (काडतुसाचे कवच) पुन्हा वापरून, नवी टोपी (दारू पेटवणारा भाग), मोजलेली दारू आणि गोळी बसवून घरच्या घरी काडतूस तयार करणे हा लाखो लोकांचा छंद आहे, आणि तिथली विमानतळ सुरक्षा यंत्रणा काडतूस कारखान्यातले की हातचे असा भेद करत नाही. ते पुठ्ठा, लाकूड, प्लास्टिक किंवा धातूच्या, काडतुसांसाठीच बनवलेल्या डबीत असावे आणि मालकक्षात जाणाऱ्या सामानातच असावे, एवढ्यावर तिचे समाधान होते. त्या देशातही काही विमान कंपन्या मात्र उत्पादकाच्या मूळ वेष्टनाचा आग्रह धरतात. आपल्याकडचा तरुण ही माहिती वाचतो, ‘डबी चांगली असली की झाले’ असा निष्कर्ष काढतो, आणि येथेच फसतो.

भारतात शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. शिवाय या कायद्याने ‘दारूगोळा’ या शब्दाची केलेली व्याख्या फार रुंद आहे. बंदुकीचा बार आणि त्याचे साहित्य, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री, हे सगळे त्या व्याख्येत येते. म्हणजे परदेशातून कोणी आणून दिलेले काडतूस भरायचे छोटे हातयंत्रसुद्धा निरुपद्रवी अवजार राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाची शिक्षा किमान सात वर्षांची आहे. ‘आमच्या आजोबांच्या काळापासून भरतात’ हे कितीही खरे असले तरी सुरक्षा तपासणीच्या टेबलावर त्याचा उपयोग होत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी विमानवाहतुकीचे स्वतःचे एक कारण आहे, आणि मला ते जास्त पटणारे वाटते. आंतरराष्ट्रीय नियमांत स्फोटक पदार्थांचा वर्ग १ आहे. त्यातला उपवर्ग १.४ कमी धोक्याचा, आणि त्यातही ‘एस’ हा गट असा की पेटी पेटली तरी परिणाम बहुतांशी पेटीपुरताच मर्यादित राहतो. प्रवाशाला फक्त या १.४ एस गटातील, संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतील युएन ००१२ किंवा युएन ००१४ क्रमांकाची काडतुसे नेता येतात. हा गट कोणाच्या शब्दावर मिळत नाही. पेटीतले एक काडतूस उडवून, पेट्यांची रास रचून, ती आगीत ठेवून अशा चाचण्यांवरून उत्पादनाचे वर्गीकरण ठरते. कारखान्यातल्या काडतुसात दारू किती, कोणती, टोपी कोणती, हे प्रत्येक नगाला सारखे असते, म्हणून एका पेटीची चाचणी हजार पेट्यांना लागू होते. हाताने भरलेल्या काडतुसाचे प्रत्येक भरणे वेगळे. त्याच्या डबीवर वर्गीकरण लिहिणारा कोणी नाही. भरणारा कितीही वाकबगार असला तरी विमान कंपनीला त्याचे हात तपासता येत नाहीत.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा प्रश्न यातच निकाली निघतो. काळी दारू, सुट्या टोप्या, सुटी धूरविरहित दारू हे प्रवाशाच्या कोणत्याही सामानातून नेण्यास मनाई आहे. प्रमाण कितीही थोडे असो. छर्रे हे नुसते शिसे असले तरी दारूच्या शिंगासोबत पिशवीत सापडले तर त्यांचाही खुलासा द्यावा लागेल. खानापूर किंवा चंदगड भागात शेतीच्या राखणीसाठी दिलेल्या ठासणीच्या बंदुकांचे मालक विमानाने बंदूक घेऊन जातील अशी शक्यता कमीच, पण मुंबई-बेंगळुरूला स्थायिक झालेला मुलगा गावचा वारसा म्हणून दारूचे शिंग बॅगेत टाकतो, असे घडू शकते. शिंग न्यायचेच असेल तर ते पूर्ण रिकामे करून, धुऊन, वाळवून मगच न्यावे, आणि तेही मालकक्षातल्या बॅगेत, विमान कंपनीला आधी विचारून.

शिकारीसाठी काडतुसे न्यायची आहेत असा कोणाचा विचार असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने आपल्या देशात शिकारीला बंदी आहे, हे लक्षात ठेवावे. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्याबाबतची परवानगी वनखात्याकडून, विशिष्ट अटींवर आणि विशिष्ट ठिकाणापुरती मिळते. ती विमानतळावर दाखवायचा कागद नव्हे. भीमगड अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. म्हणून पुढचे सगळे विवेचन क्रीडा नेमबाजीसाठी किंवा स्वसंरक्षणाच्या परवान्यावरील शस्त्र दुसरीकडे नेण्यासाठी आहे, असे समजावे.

दुसरी पायरी: परवाना नीट वाचणे

बहुतेक लोक परवान्यावरचे नाव आणि मुदत पाहतात आणि वही मिटतात. सीमाभागातल्या माणसाने मात्र सर्वांत आधी ‘क्षेत्र’ हा रकाना पाहावा. परवाना जिल्ह्यापुरता आहे, कर्नाटक राज्यापुरता आहे की संपूर्ण भारतासाठी, हे तिथे लिहिलेले असते. कोल्हापूरला बहिणीकडे जाताना आपण राज्य ओलांडतो याची आपल्याला आठवणही राहत नाही, कारण आपल्यासाठी तो एकच मुलूख आहे. शस्त्राच्या बाबतीत मात्र कोगनोळी नाक्यापलीकडे परवाना संपलेला असू शकतो. शेतीरक्षणासाठी दिलेल्या परवान्यावर हे क्षेत्र आणखी लहान असते.

बेळगाव शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयात आणि जिल्ह्याच्या बाकी भागातील लोकांनी जिल्हाधिकारी कार्यालयात क्षेत्रवाढीचा अर्ज प्रवासाच्या बऱ्याच आधी करावा. अर्जात प्रवासाचे कारण स्पष्ट लिहावे. स्पर्धेचे प्रवेशपत्र किंवा क्लबचे पत्र सोबत जोडल्यास काम सुकर होते. परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीचा युआयएन क्रमांक आहे ना, मुदत परतीच्या तारखेनंतरची आहे ना, आणि किती काडतुसे बाळगण्याची मुभा लिहिली आहे, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. जाताना वाहून नेलेली आणि घरी कपाटात ठेवलेली मिळून हा आकडा ओलांडला जाता कामा नये.

आणखी एक बारकावा. परवान्यावरील शेरे, क्षेत्रवाढीचा आदेश किंवा पत्र कन्नडमध्ये असेल तर दिल्लीच्या किंवा भोपाळच्या काउंटरवरील कर्मचाऱ्याला ते वाचता येणार नाही. मूळ कागदासोबत इंग्रजी भाषांतराची साक्षांकित प्रत ठेवावी. भाषेचा वाद आपल्या घरी कितीही जुना असला तरी तो विमानाच्या वेळेवर सुटणारा नाही.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागू शकतात, आणि आपल्या बाबतीत कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या निवडणुकांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. आपल्या जिल्ह्यात काही नसले तरी वाटेवरच्या जिल्ह्यात नाकेबंदी असू शकते. तसेच हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे अधिवेशन असताना शहरात शस्त्रबंदीचे आदेश लागू झाले आहेत का, याची निघण्याच्या आदल्या दिवशी ठाण्यात चौकशी करावी.

तिसरी पायरी: विमानतळ निवडणे

बेळगावकरांना सांबरा हे सर्वांत जवळचे, आणि शस्त्र नेणाऱ्यासाठी तेच सर्वांत सोयीचे, कारण घरापासून विमानापर्यंत राज्याची हद्द ओलांडावी लागत नाही. हुबळीचेही तसेच. स्वस्त तिकिटासाठी गोव्याला जाण्याची आपल्याकडे रीत आहे, पण चोर्ल्याने उतरा किंवा आंबोलीने, गोव्याची हद्द लागतेच, आणि आंबोलीच्या वाटेवर मध्ये महाराष्ट्रही येतो. मोपा किंवा दाभोळीहून उडायचे असेल तर परवाना त्या सर्व राज्यांत चालणारा हवा. उजळाईवाडीचे कोल्हापूर विमानतळ निपाणीकरांना जवळचे, पण तिथेही हाच प्रश्न.

सांबऱ्याहून थेट विमान नसेल आणि मध्ये बेंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलायचे असेल, तर शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच तिकिटावरचे प्रवास निवडावेत. दोन वेगवेगळ्या कंपन्या असतील तर मधल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा सगळी घोषणा करावी लागते आणि दुसऱ्या कंपनीचीही संमती लागते.

पुण्याला बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर जायचे असेल तर मी विमानाचा विचारही करणार नाही. साधारण साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. परवाना दोन्ही राज्यांत चालत असेल तर सकाळी निघून दुपारी पोहोचता येते आणि काउंटरवरची सारी यातायात वाचते.

चौथी पायरी: विमान कंपनीला लेखी विचारणे

नियमांनी प्रवाशाला काडतुसे नेण्याची मुभा दिली आहे ती ‘विमान कंपनीच्या संमतीने’. म्हणजे कंपनी नाही म्हणू शकते, आणि नाही म्हटले तर नियमावली दाखवून उपयोग नाही. तिकीट काढण्यापूर्वीच कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करावा. त्यात शस्त्राचा प्रकार व क्रमांक, परवाना क्रमांक, काडतुसांचा बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप), उत्पादक, संख्या, वेष्टनासह वजन, प्रवासाची तारीख आणि विमान क्रमांक हे सर्व द्यावे. काडतुसे कारखान्यात तयार झालेली आहेत आणि मूळ वेष्टनात आहेत, हे वाक्य आवर्जून लिहावे. कंपनीला खरा प्रश्न तोच असतो.

शुल्क किती, काडतुसांची संख्या किती चालेल, बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या पेटीत हवीत का, किती तास आधी पोहोचावे, ही उत्तरे प्रत्येक कंपनीची वेगळी असतात आणि वरचेवर बदलतात. गेल्या वर्षी मित्राला चालले म्हणून यंदा आपल्याला चालेल, असे धरू नये. फोनवरच्या होकाराला काही किंमत नाही. उत्तर लेखी घ्यावे आणि छापून जवळ ठेवावे.

पाचवी पायरी: वजन आणि बांधणी

आंतरराष्ट्रीय मर्यादा प्रत्येक प्रवाशास ५ किलो, आणि हे वजन वेष्टनासह धरले जाते. नवख्यांची चूक इथेच होते. १२ बोअरचे २८ ग्रॅम छर्ऱ्याचे एक काडतूस साधारण ४० ते ४५ ग्रॅम भरते. २५ च्या चार पेट्या म्हणजे शंभर काडतुसे साधारण सव्वाचार-साडेचार किलो होतात, आणि बाहेरच्या पेटीला उरतो तो जेमतेम अर्धा किलो. जड लाकडी किंवा लोखंडी पेटी वापरली की मर्यादा ओलांडलीच. ३२ ग्रॅमची काडतुसे असतील तर शंभर नेण्याचा हट्ट सोडावा. ट्रॅप या उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या प्रकारात पात्रता फेरीतच १२५ तबकड्या असतात, म्हणजे स्पर्धेपुरता साठा सोबत नेणे या वजनात बसतच नाही. रेंजवरच खरेदी करणे हाच त्यावर उपाय. .२२ च्या खेळाडूंना वजनाची अडचण नसते, कारण पन्नासची डबी दोनशे ग्रॅमच्या आतच असते; त्यांना आडवा येतो तो परवान्यावरचा आकडा.

दोघे भाऊ एकत्र निघाले तर दोघांची मर्यादा एका पेटीत मिळवून दहा किलो करता येत नाही. प्रत्येकाची काडतुसे त्याच्या स्वतःच्या सामानात, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वापरासाठीच असावीत.

काडतुसे मूळ पुठ्ठ्याच्या डबीतच राहू द्यावीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची असोत किंवा आयात केलेली, डबीवर उत्पादक, बोअर आणि तुकडी क्रमांक असतो. तोच आपला पुरावा. मोकळी काडतुसे डब्यात, मोज्यात किंवा कमरेच्या पट्ट्यात भरू नयेत. डबी फाटली असेल तर त्या डबीतली काडतुसे घरीच ठेवावीत. डब्या हलणार नाहीत अशा हलक्या कुलूपबंद पेटीत बसवाव्यात. बंदूक रिकामी, शक्य असल्यास सुटी करून, वेगळ्या कुलूपबंद कठीण केसमध्ये ठेवावी. ज्या डब्यात कारखान्याची आणि हाताने भरलेली काडतुसे मिसळली गेली असतील तो डबा विमानासाठी बाद समजावा, कारण एका नगाचा संशय सगळ्या पेटीवर येतो.

एअर रायफल किंवा एअर पिस्तूल घेऊन जाणाऱ्या मुलांना हा काडतुसांचा नियम लागू होत नाही, छर्ऱ्यात दारूच नसते. पण हवेचे सिलिंडर रिकामे करून, तसे दाखवता येईल अशा स्थितीत न्यावे आणि कंपनीला आधी कळवावे.

सहावी पायरी: बाकीच्या सगळ्या बॅगा झाडणे

माझ्या मते या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही आहे. विमानतळावर शस्त्र कायद्याखाली अडकणारा माणूस अनेकदा बंदूक नेणारा नसतो; जुन्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एक काडतूस घेऊन निघालेला असतो. न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे की गुन्हा ठरण्यासाठी ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, आणि अशा प्रकरणांत पुढे सुटकाही होते. पण तोपर्यंत विमान गेलेले असते, ठाण्यात जबाब झालेला असतो आणि वकिलाची पायरी चढलेली असते.

एकदा निघण्याच्या आदल्या रात्री मी माझी कॅनव्हासची पिशवी उलटी करून झटकली, तेव्हा फाटलेल्या अस्तरातून .२२ चे एक काडतूस जमिनीवर पडले. ती पिशवी मी गेली दोन वर्षे रेंजवर नेलीच नव्हती, म्हणजे मधल्या काळात ते माझ्याबरोबर बाजारहाटाला फिरत होते. त्या दिवसापासून रेंजची पिशवी, रेंजचे जाकीट आणि रेंजचे बूट मी हातसामानात नेत नाही. त्यावरच्या दारूच्या सूक्ष्म कणांमुळे स्फोटक तपासणीच्या यंत्रावर इशारा येऊ शकतो, हे दुसरे कारण.

रिकाम्या पुंगळ्या, पुंगळीची कीचेन, काडतुसाच्या आकाराचा लायटर हेही घरी ठेवावे. कायद्याच्या व्याख्येत सुटे भागही येतात हे वर सांगितलेच आहे.

सातवी पायरी: काउंटरवर

नेहमीपेक्षा बरेच लवकर, किमान तीन तास आधी पोहोचावे. घरून वेब चेक-इन केले असले तरी काउंटरवर जावेच लागते. प्रवेशद्वारावरील सुरक्षा कर्मचाऱ्याला, त्याने यंत्रावर पाहण्याआधीच, शांतपणे आणि हळू आवाजात सांगावे की सोबत परवानाधारक शस्त्र व काडतुसे आहेत आणि ती काउंटरवर घोषित करायची आहेत. पेटी स्वतः उघडू नये. सांगितल्यावर, सांगितलेल्या जागीच उघडावी. ‘बंदूक’, ‘गोळ्या’ हे शब्द रांगेत मोठ्याने उच्चारू नयेत, गमतीने तर मुळीच नाही.

काउंटरवर लेखी घोषणापत्र भरावे लागते. शस्त्र रिकामे असल्याची तपासणी होते, परवाना आणि कंपनीची लेखी संमती पाहिली जाते, काडतुसे मोजली जातात आणि वजन होते. मूळ परवाना हातात ठेवावा. तो चुकून त्याच पेटीत कुलूपबंद करून ती पेटी पाठवून देणारे महाभागही असतात. काही कारणाने काडतुसे नाकारली गेली तर काय करायचे, हे आधी ठरवून ठेवावे. घरचे कोणी सोडायला आले असेल म्हणून काडतुसे त्यांच्या हातात देऊन मोकळे होता येत नाही, कारण त्यांच्या नावावर परवाना नसतो. अशा वेळी स्वतः परत फिरून ती रीतसर ठेवून यावी लागतात किंवा प्रवास पुढे ढकलावा लागतो.

पोहोचल्यावर आणि परतताना

सामान ताब्यात घेतल्यावर कुलूप आणि डब्यांची संख्या तिथेच तपासावी. विमानतळाबाहेर पडल्यानंतरची तक्रार कोणी ऐकत नाही. मुक्कामाच्या गावी विक्रेत्याकडून काडतुसे घेतल्यास परवान्यावर नोंद करून घ्यावी आणि पावती जपावी. परतताना नेलेली, विकत घेतलेली, वापरलेली आणि उरलेली काडतुसे यांचा हिशोब एका कागदावर मांडून ठेवावा, कारण परतीच्या काउंटरवर जाताना दाखवलेल्या आकड्याशी तो जुळला पाहिजे. रेंजवर कोणी प्रेमाने स्वतः भरलेली दोन-चार काडतुसे ‘घेऊन जा, मारून बघ’ म्हणून देऊ केली, तर ती तिथेही घेऊ नयेत.